पहाटेची थंडी, दुपारचं ऊन

ऋतू आणि आरोग्य : भाग ५

मागच्या भागात ऑक्टोबरचं ऊन आणि पित्ताचा त्रास पाहिला. कार्तिक सरत आला की उल्हास नदीच्या खोऱ्यात वेगळाच पेच उभा राहतो. इथली थंडी दिवसभर नसते. पहाटे बदलापूरच्या फलाटावर लोक कानटोप्या घालून लोकलची वाट पाहत असतात आणि दुपारी त्याच फलाटावर घाम पुसत असतात. अंबरनाथ-बदलापुरात डिसेंबर-जानेवारीत पारा कुलाब्याच्या कितीतरी खाली उतरतो, त्याचं कारण भूगोलात आहे. समुद्र लांब आहे, आणि मधे मलंगगड, चंदेरी, माथेरान अशी डोंगररांग आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन आपली ऊब भराभर सोडते. गार झालेली जड हवा उतारावरून खोऱ्यात येऊन साचते. हीच कोरडी हवा दुपारी तितक्याच वेगाने तापते.

म्हणून थंडीत तब्येत सांभाळायची तर इथे महिन्यापेक्षा घड्याळाकडे जास्त पाहावं लागतं. माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

पहाटेपासून सुरुवात करू. कोरड्या गार हवेने नाकातलं ओलसर अस्तर सुकतं आणि जंतूंना अडवण्याची त्याची ताकद कमी होते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग केले. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना, म्हणजे नाकात असतं तेवढ्या तापमानाला, जोमाने वाढतो, कारण तेवढ्या गारव्यात पेशींचा प्रतिकार मंदावतो, असं त्यांना दिसलं. मफलर कानांवर घेतो तसाच नाकावरूनही घ्यावा, तो यासाठी. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि स्वेटरच्या आत सुती बनियन हवं. गर्दीत घामाने भिजलेलं बनियन तसंच अंगावर वाळवत दारातला वारा खाल्ला की संध्याकाळी अंगात कसर आलीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट मी जास्त कळकळीने सांगतो: पहाटे साडेपाचला फिरायला जाऊ नका. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर जाऊ शकत नाही, खोऱ्यावर झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातला उग्र वास, शेकोट्या, पेटवलेला कचरा, रस्त्यावरची धूळ, सगळं त्या वेळी नाकाच्या उंचीवर असतं. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या परिसरात जायचं तर ऊन अंगावर येऊ द्या, आठनंतर निघा. वालधुनीच्या काठचं ते दगडी काम शके ९८२ पासून, म्हणजे १०६० सालापासून उभं आहे. तिरप्या उन्हात त्याच्या भिंतींवरची शिल्पंही अधिक उठून दिसतात. दम्याच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना हे दुप्पट लागू. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, म्हणून अंथरुणातून उठून थेट गारठ्यात जाणं वयस्क माणसांनी टाळावं.

आता खाण्याकडे वळू. थंडी पडली की डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, हाळिवाची खीर अशी घरोघरी तयारी सुरू होते. उल्हासनगरात सिंधी घरांमधून याच सुमारास खोराक आणि माजून बनतात. सुका मेवा, खसखस, डिंक, मावा, तूप असा भरभक्कम ऐवज. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या आणि १९४९ साली ज्यांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, त्या माणसांनी हा आहार सिंधच्या बोचऱ्या हिवाळ्यातून बरोबर आणला. आणि आयुर्वेदातल्या ज्या ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येचे दाखले आपण देतो, त्याच्या परंपरेतला वाग्भटही आपला जन्म सिंधुदेशातला असल्याचं सांगतो. हेमंतात जठराग्नी प्रखर होतो, तेव्हा स्निग्ध, गोड, पौष्टिक खावं, उपाशी राहू नये, ही त्याची शिकवण खऱ्या थंडीची आहे. आपल्या खोऱ्यात दुपारी तीस अंशांच्या पुढे पारा जात असताना तीन-तीन लाडू खाल्ले तर ते बाधणारच. एक छोटा लाडू सकाळच्या न्याहारीला पुरे. तोही मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून.

वाग्भटाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे मात्र आपण काणाडोळा करतो. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात, हा ऋतुसंधी. त्यात जुना आहारविहार हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा. आयुर्वेदाचाच दुसरा ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याने तर कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ‘यमदंष्ट्रा’ म्हणून वेगळे काढले आणि त्या काळात थोडं खाणाराच तगतो, असं बजावलं. म्हणजे दिवाळीचा फराळ संपला न संपला तोच डिंक तळायला घ्यायचा नाही. मधले दिवस मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं, गरम सार, भाजीत आलं-लसूण असं हलकं ठेवावं. बाजरीची भाकरी आधी आठवड्यातून दोनदा, थंडी मुरली की रोज. पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह बाजरीत असतं, शंभर ग्रॅमला सुमारे ६ मिलिग्रॅम. वर लिंबू पिळलेली कोशिंबीर घेतली तर ते अंगी लागतं. बाजारात डोंगराकडच्या बायका करांदे, कोनफळं, वालाच्या शेंगा घेऊन बसतात, ते जरूर घ्या. हे इथल्याच मातीतलं हिवाळी खाणं. करांदे मात्र नीट उकडूनच खावेत.

तहान कमी लागते म्हणून पाणी कमी होऊ देऊ नका. आठवड्यातून दोनदा तिळाचं तेल कोमट करून अंगाला लावावं, विशेषतः टाचा, पोटऱ्या, पाठ. कोरड्या हवेत त्वचा फुटण्यावर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यापासून लांब ठेवून. वर्षाच्या आतल्या बाळाला खोकल्यावर मध चाटवू नये. ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

संक्रांतीला तीळगूळ आणि त्याच सुमारास सिंधी शेजाऱ्यांकडे तीळ आणि मुळा. दोन्ही घरांत तीळ पोचतोच. पण रथसप्तमीपासून हात आवरायला लागा. शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो, असं ग्रंथ सांगतात, आणि फेब्रुवारीतल्या खोकल्याच्या रांगा त्याची आठवण करून देतात. महाशिवरात्रीला अंबरनाथला जत्रा भरते, शिव-शिव म्हणत थंडी जाते असं आपण म्हणतो. तोवर घरातला डिंकाच्या लाडवांचा डबा रिकामा झालेला असावा आणि पुन्हा भरू नये. त्यानंतर जव, मूग, जुनं धान्य. त्या दुसऱ्या ऋतुसंधीबद्दल पुढच्या भागात.