दाढेच्या मुळाशी एक मिलिलिटर

बाटली उघडली की आधी वास येतो. पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तसा. धडगावकडून घाट उतरून माझ्या दवाखान्यात आलेली मावशी खुर्चीत टेकताच म्हणाली, "डॉक्टर, आमच्या विहिरीचा वास येतोय." बरोबरच होतं तिचं. पावडर आणि बाटलीतलं सोडियम हायपोक्लोराइट एकाच घरातले. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी जखमा धुवायला ते अर्धा टक्का ताकदीचं वापरलं. रूट कॅनालमध्ये आम्ही अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतो.

मावशीची खालची दाढ, नस मेलेली, मुळाशी पू. एक्स-रेवर दाढेच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी एकोणीस मिलिमीटर भरली. सुई टोकाच्या अलीकडेच थांबावी म्हणून तिच्यावर सतराला रबराची खूण सरकवली. सुई केसासारखी बारीक, छिद्र टोकाला नाही, बाजूला. ती मुळाच्या नळीत रुतता कामा नये, सैल हलली पाहिजे, म्हणजे पाणी वर परत येतं. रुतली आणि अंगठा जोरात दाबला, तर औषध मुळाच्या टोकातून हाडात जातं आणि काही मिनिटांत गाल सुजतो. म्हणून एक मिलिलिटर सोडायला मी पाऊण मिनिट घेते. फाईलने नळी आतून घासणं, पुन्हा धुणं, पुन्हा फाईल. वर येणारं पाणी गढूळ असतं, ते नितळ होईपर्यंत थांबायचं नाही.

आता ताकदीचं. जास्त टक्के म्हणजे मेलेली नस लवकर विरघळते, पण टोकाबाहेरची जिवंत पेशीही तितकीच भाजते. कैरोत 2020 साली छापलेल्या अभ्यासात नस मेलेल्या दाढांना 1.3 टक्क्यांनी धुतल्यावर 5.25 पेक्षा कमी दुखलं. इराणमध्ये 2018 साली, नस जिवंत पण सुजलेली असताना, उलट 5.25 वाल्यांना 2.5 वाल्यांपेक्षा कमी दुखलं. मला यात विसंगती दिसत नाही. दाढेची अवस्था वेगळी होती. रोहतकला 2019 मध्ये एक आणि पाच टक्के तोलले, तर वर्षभरानंतर बरं होण्यात लक्षणीय फरक नव्हता. म्हणून नस मेलेली असली की मी एक टक्का घेते आणि धुणं वाढवते. पाच टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी, रोज सकाळी ताजं.

ताजं का, तर नंदुरबारचा उन्हाळा. पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि ऊन व उजेड लागला की हे औषध मुकाट्याने मरतं. खिडकीतल्या बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं असेल, आत तेवढे उरलेले नसतात. माझी बाटली गडद रंगाची, फ्रिजमध्ये.

इतकी काळजी करायचं कारण मावशीची शेवटची गाडी. रात्री दाढ ठणकली तर ती घाटापलीकडून परत यायची कशी? दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला माणूस तर महिनोन्‌महिने येत नाही. त्यांची रात्र खुर्चीतच ठरते.

जाताना तिला सांगितलं: पहिला दिवस-दीड दिवस दुखेल, गोळी घ्या, मग उतरेल. वाचणाऱ्यांनाही एकच सांगणं. दाढ धुताना आत अचानक आग झाली तर सहन करू नका, लगेच हात वर करा.