छत खरवडण्यापूर्वी

लेकीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या माझ्या एका जुन्या रुग्णाचा मध्यंतरी फोन आला. वय चौऱ्याहत्तर, श्वासनलिकांचा जुना विकार, शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. "डॉक्टर, शनिवारी घरचे छत खरवडायचे ठरले आहे. जावई खरवडणार, मी शिडी धरणार. पंप आधीच ओढून ठेवू का?"

मी उलट विचारले, "घर कधी बांधलेले आहे?" उत्तर आले, १९७४.

तिकडच्या जुन्या घरांत छतावर लाह्या चिकटवल्यासारखा खडबडीत थर असतो. त्याला म्हणतातही पॉपकॉर्न सीलिंग. हा थर यंत्राने फवारत असत आणि त्यात पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. १९७८ मध्ये तेथे अशा फवारणीवर बंदी आली, तरी शिल्लक माल पुढेही काही वर्षे वापरला गेला. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या घराबद्दल शंका घेणेच शहाणपणाचे. नुसते पाहून काहीही कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना तपासावा लागतो, आणि तोही जाणकाराकडून, छत ओले करून काढून घ्यावा.

थर अभंग असेल तर तो निरुपद्रवी पडून राहतो. खरवडला की तंतू हवेत मिसळतात. त्यांना वास नाही, त्यांनी त्या दिवशी खोकलाही येत नाही. लोक फसतात ते इथेच. फुप्फुसांचे आवरण किंवा फुप्फुसे यांचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो.

हे ऐकून ते हसले. "म्हणजे मला शंभरी ओलांडल्यावर! मग मी कशाला भिऊ?"

"घरात नातू केवढा आहे?"

ते गप्प झाले. नातू चार वर्षांचा. ती धूळ गालिच्यात बसते, साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून पुन्हा हवेत येते, आणि मूल त्याच गालिच्यावर खेळते. कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे.

जावयांनी शनिवार रद्द केला, याचे मला कौतुक वाटते. घरचे काम स्वतः करण्याची तिकडची हौस मोडणे सोपे नसते. तपासणीत ॲस्बेस्टॉस निघाले. परवानाधारक माणसे बोलावून त्यांनी तो थर न काढता वरून नवे जिप्समचे तक्ते ठोकून घेतले.

तुमच्या मुलाच्या घरचा अहवाल निर्दोष आला, तर काम घरी करता येते. वीज बंद करावी, जमिनीवर व भिंतींवर प्लास्टिक अंथरावे, पाणी फवारून थर मऊ होऊ द्यावा आणि मगच रुंद पट्टीने खरवडावा. कोरडे खरवडू नये. पण ही धूळही दमेकऱ्याला आठवडाभर अंथरुणाला खिळवू शकते. तेव्हा आजी-आजोबांनी ते दोन दिवस दुसरीकडे मुक्काम करावा, आणि घर ओल्या फडक्याने पुसून झाल्यावरच परतावे. आपल्याकडे सिमेंटचे जुने पत्रे फोडताना किंवा घासताना हीच काळजी घ्यावी, कारण त्यांतही ॲस्बेस्टॉस असू शकते.

शिडी धरण्याचे काम मात्र आपले नव्हेच. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरवर काही दिसत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.