गिटार विवर्धक, उच्च विवर्धनाचे

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत इलेक्ट्रॉन नलिकांच्या एकापुढे एक जोडलेल्या टप्प्यांतून नेऊन मोठा करणारे आणि तसे करताना त्याचे तरंगरूप हेतुपुरस्सर बदलणारे उपकरण. सभागृहातील ध्वनिवर्धकाने मूळ आवाज आहे तसाच मोठा करावा, अशी अपेक्षा असते. येथे मात्र विवर्धक हा वाद्याचाच एक भाग ठरतो. या विवर्धकांची तुलना करताना विवर्धन (प्रदान व आदान दाबांचे गुणोत्तर) किती आहे यापेक्षा ते मंडलात कोणत्या ठिकाणी होते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. कॅलिफोर्नियातील मेसा/बूगी या निर्मितिसंस्थेच्या ‘मार्क’ व ‘रेक्टिफायर’ या दोन मालिकांवरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते. एकाच संस्थेच्या असूनही त्यांचा नादगुण व हाताळणी यांत मूलभूत फरक आहे.

तत्त्व : गिटारवरील चुंबकीय ग्राहकाकडून मिळणारा दाब सामान्यतः एक दशांश व्होल्टच्या आसपास असतो. पहिल्या टप्प्यांत बहुधा १२एएक्स७ ही दुहेरी त्रिप्रस्थ नलिका वापरतात. तिचा विवर्धनांक १०० असला, तरी प्रत्यक्ष मंडलात एका टप्प्याला सु. ५० पट विवर्धन मिळते. म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर संकेत सु. ५ व्होल्ट होतो. पुढील नलिकेचे जालक मात्र साधारणपणे एक ते दोन व्होल्टपर्यंतचाच चढउतार नीट हाताळू शकते. त्यामुळे तरंगाची शिखरे कापली जातात व मूळ स्वराबरोबर नवे संनादी स्वर निर्माण होतात. असे तीन-चार टप्पे जोडले म्हणजे हळूवार छेडलेला स्वरही दीर्घकाळ टिकतो व त्याला धारदारपणा येतो.

तंबोऱ्याच्या जवारीशी या क्रियेची तुलना करता येईल. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून तारेचा तिला होणारा स्पर्श असा साधतात की, संनादी स्वर उठून दिसावेत. तेथे जे कार्य घोडी यांत्रिक रीतीने करते, त्याच्याशी मिळतेजुळते कार्य येथे नलिका विद्युतीय रीतीने करते. तथापि एक महत्त्वाचा भेद आहे. दोन स्वर एकाच वेळी कापले गेल्यास त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उत्पन्न होतात. २४० व ३६० हर्ट्‌झ कंप्रतांचे षड्ज-पंचम एकत्र वाजविले, तर १२० हर्ट्‌झचा, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज ऐकू येतो आणि नाद भरदार होतो. गुंतागुंतीच्या स्वरसमूहात मात्र हेच वजाबाकीचे स्वर मूळ स्वरांशी जुळत नाहीत व नाद गढूळ होतो. कठोर रॉक संगीतात षड्ज-पंचमाच्या जोडीला प्राधान्य मिळाले, त्याचे एक कारण यात आहे.

मार्क मालिका : १९६० च्या दशकाच्या अखेरीस रँडल स्मिथ यांनी फेंडर कंपनीच्या ‘प्रिन्स्टन’ या लहान विवर्धकात मोठ्या शक्तीचे मंडल व सु. ३० सेंमी. व्यासाचा ध्वनिक्षेपक बसविला. गिटारवादक कार्लोस सँताना यांच्या एका उद्‌गारावरून त्याला ‘बूगी’ हे नाव पडले, असे सांगतात. पुढे स्मिथ यांनी पहिल्या भागात विवर्धनाचा एक जादा टप्पा घातला व त्यातून ‘मार्क १’ सिद्ध झाला. १९७८ च्या सुमारास आलेल्या ‘मार्क २’ मध्ये स्वच्छ व तीव्र नाद यांत पायकळीने बदल करण्याची सोय झाली. १९८४-८५ च्या सुमाराचा ‘मार्क २सी+’ विशेष गाजला. मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या १९८६ मधील ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याचा वापर झाला होता.

या मालिकेत मंद्र, मध्य व तार कंप्रतांचे नियंत्रक तीव्र विवर्धनाच्या आधी येतात. त्यामुळे ते केवळ नादगुण बदलत नाहीत, तर पुढील नलिकांना कोणत्या कंप्रता किती प्रमाणात मिळाव्यात हेही ठरवितात. मंद्राचा नियंत्रक फार पुढे नेल्यास खालचे स्वरच प्रथम कापले जातात व जलद वादन अस्पष्ट होते. म्हणून तो कमी ठेवून, गेलेला भरदारपणा शेवटी असलेल्या पाच पट्ट्यांच्या नियंत्रकाने (८०, २४०, ७५०, २,२०० व ६,६०० हर्ट्‌झ) परत मिळविण्याची पद्धत आहे. हा क्रम ध्यानात न घेणाऱ्यास उत्तम मार्क विवर्धकही निकृष्ट वाटू शकतो. परिणामी या मालिकेचा नाद घट्ट व रेखीव असतो आणि एकल वादनास तो विशेष अनुकूल ठरतो.

रेक्टिफायर मालिका : ही मालिका १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आली. तिच्या विवर्धन टप्प्यांच्या रचनेचे माइक सोल्डानो यांच्या १९८७ मधील १०० वॉटच्या ‘सुपर लीड ओव्हरड्राइव्ह’ या विवर्धकाशी साम्य आहे. येथे नादगुणाचे नियंत्रक सर्व तीव्र टप्प्यांनंतर येतात. म्हणून मंद्र वाढविला तरी तरंग कापला जाण्याच्या स्वरूपात फारसा फरक पडत नाही व नियंत्रकांचा परिणाम अपेक्षेप्रमाणे होतो. सर्वांत तीव्र योजनेत शक्तिविवर्धकातील ऋण पुनःप्रदाय काढून टाकलेला असतो. त्यामुळे ध्वनिक्षेपकाच्या स्वाभाविक अनुस्पंदनावरील अंकुश कमी होतो आणि खालचे स्वर विस्तृत, काहीसे सैल वाटतात. तालाच्या जड आघातांना हा गुण पोषक ठरतो.

मालिकेचे नाव एकदिशकारकावरून पडले आहे. सिलिकॉन द्विप्रस्थ व ५यू४ नलिका यांपैकी कोणताही एकदिशकारक निवडता येतो. नलिका निवडल्यास मोठ्या आघाताच्या क्षणी पुरवठ्याचा दाब किंचित घटतो व स्वर दबून पुन्हा फुलतो. द्विप्रस्थाने प्रतिसाद अधिक तत्पर होतो. अनेक प्रतिकृतींत ६एल६ वा ईएल३४ या शक्तिनलिकांना अनुरूप अशी अभिनती कळ फिरवून बदलता येते.

शक्ती व ध्वनिक्षेपक : ५० वॉटऐवजी १०० वॉटचा विवर्धक घेतल्यास आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. ही वाढ फक्त ३ डेसिबेल असते. जादा शक्तीचा उपयोग खालचे स्वर न कापता पुढे पाठविण्यासाठी अधिक होतो. ध्वनिक्षेपक व त्याची पेटी यांमुळे होणारा बदल बहुधा याहून मोठा असतो, म्हणून दोन विवर्धकांची तुलना एकाच पेटीवर व समान श्राव्य पातळीवर करावी. अधिक मोठा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो व निष्कर्ष चुकतो. ध्वनिक्षेपक न जोडता नलिका विवर्धक चालविल्यास प्रदान रोहित्र जळण्याचा धोका असतो. तसेच विद्युत् प्रवाह बंद केल्यानंतरही आतील धारित्रांत चारशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

भारतातील परिस्थिती : १९६० च्या दशकात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यात रेडिओच्या नलिका तयार होत. नलिकायुक्त रेडिओ दुरुस्त करणारे कारागीरही गावोगावी होते. ट्रँझिस्टरांच्या प्रसारानंतर ही विद्या मागे पडली. महाराष्ट्रातील मिरवणुकांत वाजणाऱ्या विद्युत् बेंजोचा, म्हणजे बुलबुलतरंगाचा, धारदार स्वरही विवर्धकावर अवलंबून असतो. गिटारचे नलिका विवर्धक मात्र बहुतांशी आयात करावे लागतात. आज त्यांच्या नलिका मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात.

अमेरिकेतील १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी बनविलेला विवर्धक भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट जोडल्यास जळतो. दाब उतरविणारे रोहित्र जोडले, तरी ५० हर्ट्‌झमुळे त्याचे मूळ रोहित्र अधिक तापते, म्हणून ते त्या कंप्रतेसाठी योग्य आहे याची खात्री करावी लागते. बुलढाणा जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान भागात, शेतीपंप चालू असताना पुरवठ्याचा दाब उतरत असल्यास आणखी एक अडचण येते. दाब १९० व्होल्टपर्यंत घसरला, तर ६.३ व्होल्टच्या तापक तंतूला सु. ५.२ व्होल्टच मिळतात. ऋणाग्र पुरेसे तापत नाही, नाद निस्तेज होतो आणि नलिकेचे आयुष्य घटते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव या भागांतील कडक उन्हाळ्यात उपकरणाभोवती हवा खेळती ठेवणेही अगत्याचे ठरते. म्हणून असा विवर्धक निवडताना मालिकेच्या कीर्तीपेक्षा वादनाचा प्रकार, ध्वनिक्षेपकाची पेटी, स्थिर विद्युत् पुरवठा व दुरुस्तीची सोय यांचा विचार प्रथम करणे इष्ट होय.