रेडिओवर आपले नाव येई तेव्हा

आज खिशात मोबाईल आहे आणि हवे ते गाणे हव्या त्या क्षणी वाजते. पण आपल्या आधीच्या पिढीने एकेका गाण्यासाठी आठवडाभर वाट पाहिली आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, बुधवारी रात्री आठ वाजता काय असायचे? उत्तर येईल, 'बिनाका गीतमाला!'

१९५२ साली केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केले. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. म्हणून कोलंबोचा आवाज खरखरत का होईना, आपल्या गावापर्यंत पोचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली.

ही गीतमाला सुरुवातीला एक स्पर्धा होती, हे आज थोड्यांनाच ठाऊक आहे. सात गाणी उलटसुलट क्रमाने लागत. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे ओळखून श्रोत्यांनी योग्य क्रम लिहून पाठवायचा. बक्षीस होते १०० रुपये. शेतमजुराला दिवसाकाठी रुपया-सव्वा रुपया मिळण्याचा तो काळ! पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रे ६५ हजारांवर गेली. एवढी उत्तरे तपासणार कोण? शेवटी स्पर्धा बंद करून लोकप्रियतेनुसार गाण्यांचे क्रमांक लावण्याची पद्धत आली.

लोकांचा ओढा पाहून आकाशवाणीनेही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. मराठी केंद्रांवर 'आपली आवड' घरोघर ऐकली जाऊ लागली. श्रीगोंद्याला जवळचे केंद्र पुण्याचे, ते १९५३ पासूनचे. पुढे नगरलाही आकाशवाणी केंद्र झाले. फर्माईश करायला पोस्टकार्ड पुरे. ज्याला लिहिता येत नसे, तो शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घेई. त्या निमित्ताने पोराचे अक्षर सुधारे आणि पत्ता नीट लिहायची सवय लागे.

बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट होती ती नावाची. निवेदक नाव आणि गाव वाची. वस्ती विचारीत नसे. गावात ज्याला कुणी नीट नावाने हाक मारली नाही, त्याचे नाव पाटलाच्या वाड्यातल्या रेडिओवरही तितक्याच आदराने ऐकू येई. बंधू-भगिनींनो, हा मान थोडका नव्हता.

पुढे काळ बदलला. टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे कार्ड काढले. साधे कार्ड ५० पैशांना, तर स्पर्धेचे १० रुपयांना! २००५ च्या धोरणानंतर नगरसारख्या शहरांतही खासगी एफएमला वाट मिळाली. फोन आणि एसएमएसच्या स्पर्धा आल्या. त्यांत पुष्कळदा माहितीपेक्षा नशीब आणि खिसाच मोठा ठरला.

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सायानीही गेले. पण ती पोस्टकार्डे लिहिणारे हात अजून आपल्या घरांत आहेत. मुलांनो, एखाद्या संध्याकाळी आजी-आजोबांना विचारा, रेडिओवर तुमचे नाव कधी आले होते? सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. आपल्या माणसांचा इतिहास आपणच लिहायचा असतो.