रक्तशर्करेची नोंद आणि तिचे वाचन : हीमोग्लोबिन ए१सीसंबंधी काही विचार

ज्वारीची भाकरी तव्यावर भाजली जात असता तिच्यावर तपकिरी डाग उमटतात व तिला एक विशिष्ट खमंग वास येतो, हा आपल्या नित्य अनुभवाचा विषय आहे. गुऱ्हाळातील काहिलीत रस आटत असता त्याला जो तांबूस रंग चढतो त्यातही याच क्रियेचा काही अंश असतो. शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्या संयोगाने घडणाऱ्या या क्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केले. तव्यावर जी क्रिया काही क्षणांत घडते तीच मनुष्याच्या शरीरात, ३७ अंश सेल्सिअस तापमानास, अतिशय मंद गतीने अहोरात्र चालू असते, ही गोष्ट ध्यानात येण्यास मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. मधुमेहाच्या चिकित्सेत आज सर्वत्र वापरली जाणारी हीमोग्लोबिन ए१सी ही चाचणी याच क्रियेवर आधारलेली आहे. या चाचणीचा अंक नेमके काय सांगतो, आणि आपल्या नांदेड-लातूर भागात तो वाचताना कोणती सावधगिरी बाळगावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शर्करेचे दोन मार्ग

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचा राजमार्ग आपल्या परिचयाचा आहे. हेक्सोकायनेज या विकराच्या साहाय्याने त्याला फॉस्फेटाची जोड मिळते. नंतर ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या उतरून त्याचे पायरुव्हेट बनते आणि ते तंतुकणिकांत ज्वलनासाठी जाते. या मार्गावरील प्रत्येक पायरीवर विकराची देखरेख असते. तांबड्या पेशीत तंतुकणिका नसल्यामुळे तेथे हा प्रवास लॅक्टेटापाशीच थांबतो.

दुसरा मार्ग मात्र विकरांच्या देखरेखीखाली नाही. द्रावणातील ग्लुकोजचे बहुतेक सर्व रेणू वलयाकार असतात; लाखात दोन-तीन रेणूच उघड्या साखळीच्या रूपात असून त्यांच्या टोकाशी मोकळा आल्डिहाइड गट असतो. हा गट प्रथिनाच्या मोकळ्या अमिनो गटाशी जोडला जातो. प्रथम बनणारे संयुग अस्थिर असते व सहज उलटते. काही काळाने त्याची अंतर्गत पुनर्रचना होऊन ते बरेचसे स्थिर होते. या पुनर्रचनेस इटालियन रसायनज्ञ आमादोरी यांचे नाव दिले आहे. त्यानंतर ऑक्सिडीकरण व इतर क्रियांनी जी अंतिम संयुगे बनतात ती मात्र पुन्हा सुटत नाहीत. त्यांच्यामुळे प्रथिनांत आडव्या गाठी पडतात, रक्तवाहिन्या ताठर होतात आणि मूत्रपिंड व नेत्रपटल यांस इजा पोचते. या विकराविना घडणाऱ्या संयोगास ग्लायकेशन असे म्हणतात.

येथे एक लक्षणीय गोष्ट नमूद केली पाहिजे. बन व हिगिन्स या संशोधकांनी १९८१ मध्ये निरनिराळ्या शर्करांच्या या क्रियेतील गतीची तुलना केली, तेव्हा सहा कार्बनांच्या आल्डिहाइडधारी शर्करांत ग्लुकोज सर्वांत मंद असल्याचे त्यांना आढळले. सजीवसृष्टीने इंधन म्हणून ग्लुकोजचीच निवड का केली असावी, याचे एक संभाव्य कारण त्यांनी यावरून सुचविले. प्रथिनांस सर्वांत कमी उपद्रव करणारी शर्करा रक्तात वाहती राहिली, असा त्याचा आशय.

ए१सीचा शोध

हीमोग्लोबिनचे ए१सी हे अल्प प्रमाणातील रूप १९५८ मध्ये हाउसमन व मायरिंग यांनी वेगळे केले. परंतु त्याचा रोगाशी संबंध त्या वेळी उमगला नव्हता. तेहरान येथील साम्युएल रहबार यांना १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात हीमोग्लोबिनचा एक वेगळा अंश वाढलेला दिसला. तो हाच अंश होय, हे पुढे सिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील केनिग, सेरामी व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये केवळ पाच रुग्णांच्या निरीक्षणावरून दाखविले की, रक्तशर्करा आटोक्यात आली की ए१सीही मागोमाग उतरते. पुढे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४४१ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासाने शर्करा कसोशीने आटोक्यात ठेवल्यास नेत्र, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार कमी होतात हे निःसंशय ठरविले आणि त्याबरोबरच ए१सी या मापनासही प्रतिष्ठा लाभली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ टक्के ही मर्यादा निदानासाठी मान्य केली.

या कामी हीमोग्लोबिन इतके उपयोगी का पडावे? तांबड्या पेशीत ग्लुकोज इन्शुलिनची वाट न पाहता शिरते. म्हणून पेशीच्या आतील शर्करा बाहेरील शर्करेच्या मागोमाग चढते-उतरते. शिवाय ही पेशी सुमारे १२० दिवस जगते व तिचे हीमोग्लोबिन त्या काळात बदलले जात नाही. त्यामुळे बीटा साखळीच्या आरंभीच्या व्हॅलिनवर गेल्या दोन-तीन महिन्यांतील शर्करेची जणू नोंद होत जाते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो.

अंकामागील गृहीतक

यावरून एक निष्कर्ष उघड होतो. ए१सीचा अंक हा एकट्या शर्करेचा अंक नव्हे. स्थूलमानाने तो सरासरी शर्करा आणि तांबड्या पेशींचे सरासरी वय यांचा गुणाकार आहे. त्यांपैकी दुसरा घटक सर्वांत सारखाच असतो, असे आपण मनातल्या मनात गृहीत धरतो. वस्तुतः तसे नाही. कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये रक्ताचा कोणताही विकार नसलेल्या व्यक्तींतही हे सरासरी वय सुमारे ३८ ते ६० दिवस इतके बदलते असे दाखविले.

एक उदाहरण घेऊ. सरासरी रक्तशर्करा दर डेसिलिटरला १६० मिलिग्रॅम असलेल्या मनुष्याचा ए१सी प्रचलित सूत्राप्रमाणे सुमारे ७.२ टक्के यावयास हवा. त्याच्या तांबड्या पेशींचे सरासरी वय कोणत्याही कारणाने तीन-चतुर्थांश झाले, तर हाच अंक सुमारे ५.४ पर्यंत उतरेल. हा हिशेब ढोबळ आहे खरा. तथापि शर्करा तीच असता मधुमेही मनुष्य कागदावर निरोगी ठरू शकतो, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

पुण्यातील संशोधन

या विचारात आणखी एका घटकाची भर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. महेश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातली आहे. रक्तद्रवात अल्ब्युमिन हे सर्वांत विपुल प्रथिन असते. त्याच्या ५८५ अमिनो आम्लांपैकी ५९ लायसिन असल्यामुळे शर्करेस जोडून घेण्याच्या जागाही त्याच्यापाशी पुष्कळ असतात. तेव्हा ते स्वतः शर्करेचा भार उचलून अल्प प्रमाणातील इतर प्रथिनांचे ग्लायकेशन कमी करते, असे या गटाने प्रथम प्रयोगशाळेत दाखविले. त्यानंतर २०१२ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्ताचे वस्तुमान-वर्णपटमापनाने परीक्षण करून त्यांनी असे प्रसिद्ध केले की, अल्ब्युमिन कमी असता रक्तद्रवातील इतर प्रथिनांचे ग्लायकेशन आणि ए१सी ही दोन्ही वाढलेली आढळतात. बीटा साखळीच्या त्याच व्हॅलिनवर बनणाऱ्या पुढच्या टप्प्यातील, म्हणजे कार्बॉक्सिमिथिल व कार्बॉक्सिएथिल रूपांचे मापनही त्यांनी २०१६ मध्ये निदानाच्या दृष्टीने तपासले.

या निष्कर्षाचा अर्थ काळजीपूर्वक घेतला पाहिजे. अल्ब्युमिन कमी असणे हे कुपोषणाचे, यकृतविकाराचे किंवा मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जाण्याचे लक्षण असू शकते. म्हणून केवळ सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. परंतु मनुष्याची प्रथिनस्थिती त्याच्या ग्लायकेशनावर परिणाम करू शकते, ही शक्यता या कामामुळे विचारात घ्यावी लागते.

आपल्या भागातील प्रश्न

हा सारा ऊहापोह मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण ए१सीचा अर्थ बदलविणाऱ्या अवस्था आपल्याकडे विरळा नाहीत.

पहिली अवस्था लोहन्यूनतेच्या रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या अभावी नव्या पेशी कमी बनतात, रक्तातील पेशींचे सरासरी वय वाढते आणि ए१सी काहीसा चढतो. लोहाचे उपचार सुरू होताच नव्या पेशींचा भरणा होऊन तो उतरतो. या उताराचे श्रेय पथ्यास वा औषधास दिले जाण्याचा संभव असतो.

दुसरी अवस्था याच्या उलट परिणाम करणारी. नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी समाजांची वस्ती आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत सिकलसेल जनुक आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसच जगते. अशा पेशीवर शर्करेची नोंद होण्यास अवधीच मिळत नाही. तेथे ए१सी निरुपयोगी ठरतो. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीत पेशींचे आयुष्य जवळजवळ नेहमीइतकेच असते. तरीही अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवरील २०१७ च्या अभ्यासात तितक्याच रक्तशर्करेस वाहकांचा ए१सी सुमारे ०.३ टक्क्याने कमी आढळला. हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावणे मात्र योग्य नव्हे. भारतातील सिकलसेलच्या रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन बहुधा अधिक प्रमाणात टिकून राहते, आणि काही मापनपद्धतींत तेही अडथळा आणते.

तेव्हा एकाच जिल्ह्यात एका स्त्रीचा अंक वास्तवाहून चढा आणि दुसऱ्या रुग्णाचा उतरता येऊ शकतो. पहिलीस नसत्या रोगाची चिंता लागते. दुसऱ्याचा असलेला रोग झाकला जाऊन त्याचे मूत्रपिंड व डोळे झिजत राहतात. दुसरी चूक अधिक गंभीर आहे हे सांगावयास नकोच.

उपाय व अभ्यासाची दिशा

यावर उपाय अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०११ मध्ये स्पष्ट केले होते की, अचूक मापनास बाध आणणाऱ्या अवस्था नसतील तेथेच ही चाचणी निदानासाठी वापरावी, आणि अंक ६.५ च्या खाली असला तरी ग्लुकोजच्या चाचणीने ठरलेला मधुमेह त्यामुळे रद्द होत नाही. शंका असेल तेथे उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम, या जुन्या मर्यादांचाच आधार घ्यावा. फ्रुक्टोसामाइन ही चाचणी तांबड्या पेशींवर अवलंबून नसून गेल्या दोन-तीन आठवड्यांची माहिती देते. परंतु ती मुख्यतः अल्ब्युमिनच्या ग्लायकेशनावर आधारलेली असल्यामुळे अल्ब्युमिन घटलेल्या रुग्णात तीही फसवू शकते. कोणतीही एक चाचणी सर्वत्र निर्दोष नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचा एक आटोपशीर व उपयुक्त विषय आहे. एकाच व्यक्तीचा ए१सी, उपाशीपोटीची व ग्लुकोजोत्तर शर्करा, फ्रुक्टोसामाइन, हीमोग्लोबिन, फेरिटिन व अल्ब्युमिन ही एका वेळी मोजली, आणि हीमोग्लोबिनचा प्रकार तपासला, तर कोणत्या घटकामुळे अंक किती ढळतो हे आपल्याच लोकसमूहात पाहता येईल. त्यासाठी फार महाग उपकरणे लागत नाहीत. लागते ती नमुने घेण्यातील शिस्त, मापनपद्धतीची स्पष्ट नोंद आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती. असे काम किनवटच्या गावांत व लातूरच्या ऊसपट्ट्यात झाल्यास त्याचा पहिला लाभ तेथील रुग्णांनाच होईल.