‘जुनं’ म्हणजे नेमकं कधीचं?

वारसा हा विषय घेताय? मग मनिलाचं इंत्रामुरोस बघा. स्पॅनिश काळातलं हे तटबंदीचं शहर १९४५च्या लढाईत जवळपास जमीनदोस्त झालं. १६०७चं सान अगुस्तिन चर्च टिकलं. त्याच्यासमोरचं ‘कासा मनिला’ १९व्या शतकातलं घर वाटतं, पण ते बांधलंय १९८०च्या दशकात! त्यालाच अस्सल पुरावा मानलंत, तर प्रबंध तिथेच ढासळतो.

उलट उदाहरण जीपनीचं. युद्धानंतर उरलेल्या अमेरिकी लष्करी जीप लोकांनी लांबवल्या, रंगवल्या. आज जीपनी म्हणजे फिलिपिनो ओळख.

म्हणून वहीत दोन रकाने करा: वस्तू कधीची, आणि लोक तिला ‘आपली परंपरा’ कधीपासून म्हणू लागले. या दोन तारखांमधल्या अंतरातच तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.