ठाण्याच्या रस्त्यावरचे अमेरिकन पाद्री

घाटकोपरहून मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने जाताना आज डोक्यावर मेट्रोचे खांब आणि पुढे-मागे रिक्षा असतात. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून ठाण्याला जायची खुष्कीची वाट हीच होती. 1803 मध्ये सायनचा बांध पुरा झाला आणि साष्टी बेटावर होडीवाचून जाता येऊ लागले. डाव्या हाताला डोंगर आणि रान, उजव्या हाताला खाडीपर्यंत मिठागरे, मध्ये आगरी-कोळ्यांची तुरळक गावे. भांडुपला मात्र मोठी वर्दळ असे, कारण तिथे अ‍ॅशबर्नर नावाच्या इंग्रजाची रमची भट्टी होती. पुढे ती एका पारशी मालकाकडे गेली. तिथली रम कंपनी सरकारच्या पलटणींना पुरवली जाई. या वाटेवरचे ठाणे 1818 मध्ये जॉन निकल्स या तिशीच्या आतल्या अमेरिकन पाद्र्याच्या वाट्याला आले. पाद्र्याला आपल्या ठाण्यावर जाताना वाटेत रमची भट्टी लागावी, हा योग मजेदार खरा.

निकल्स आला त्याला पाच वर्षांची पार्श्वभूमी होती. 11 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन तरुण मुंबईत उतरले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा, नॉट चोवीस, सोबत नॉटची बायको रॉक्साना. मॅसॅच्युसेट्सच्या मिशनरी बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात धाडले होते, पण कंपनी सरकारला मिशनरी नको होते. त्यात 1812 पासून अमेरिकेचे इंग्लंडशी युद्ध जुंपलेले, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे लोक. कलकत्त्याहून हुकूम मोडून ते मुंबईला आले आणि इथूनही त्यांना इंग्लंडला पाठवायचे ठरले. मग दोघे एका जहाजातून कोचीनला पळाले, पकडून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने मवाळ. त्याने निर्णय लांबवला, तोवर 1813 च्या सनदेने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले आणि हे दोघे राहिले.

साष्टीला पाद्री नवे नव्हते. 1534 च्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन व जेझुइट आले. बोरिवलीच्या मंडपेश्वरला जाऊन पाहावे. लेणी शैवांची, आठव्या शतकाच्या सुमाराची. सोळाव्या शतकात अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने तिथे चॅपल केले. एका शिल्पपटावर कोरलेला भलामोठा क्रूस आजही दिसतो आणि लेण्यावरच्या माळावर त्यांच्या मठाचे भग्नावशेष उभे आहेत. अंधेरीला मरोळजवळ जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेले सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च आता सीप्झच्या कुंपणात आहे. 1840 च्या सुमारास साथीमुळे गाव उठले आणि चर्च ओस पडले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते.

त्या पाद्र्यांच्या पाठीशी किल्ला होता, कॅप्टन होता, जमिनींचे उत्पन्न होते. अंतोनियोच्या नावावर चर्चे बांधण्याबरोबर देवळे पाडल्याचीही नोंद आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिले मूठभर एतद्देशीय पाद्री आणि गावठाणांतले मराठी बोलणारे ख्रिस्ती. मरोळ, चकाला, आंबोली, गोराईची हीच माणसे पुढे 1887 मध्ये स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागली. राजसत्ता गेल्यावरही त्यांनी आपला धर्म टिकवला, हा इतिहास मिशनऱ्यांपेक्षा त्यांचा अधिक आहे.

अमेरिकन पोरांच्या पाठीशी मात्र यातले काहीच नव्हते. ते प्रॉटेस्टंट असल्यामुळे गावठाणातल्या चर्चमधल्या मूर्तीही त्यांना देवळातल्या मूर्तींइतक्याच खटकत. इंग्रजांनी त्यांना नाइलाजाने राहू दिलेले. धर्म शिकवायला आलेल्या या माणसांचा दिवस त्यामुळे शिकण्यातच जाई.

सकाळ पंडिताची. मराठीसाठी हाताशी होते ते विल्यम केरीचे 1805 चे व्याकरण आणि 1810 चा कोश. दोन्ही श्रीरामपूरला, म्हणजे बंगालात छापलेले, वैजनाथशास्त्री यांच्या मदतीने. मोल्सवर्थचा कोश यायला 1831 उजाडायचे होते. बालबोध वाचता येऊन भागत नसे. बाजार, चिठ्ठ्या, हिशेब सगळे मोडीत. आणि पंडिताची शुद्ध मराठी घेऊन कुर्ल्याच्या किंवा मुलुंडच्या आगऱ्याशी बोलायला जावे, तर त्याच्या तोंडी वेगळीच बोली. श्रीरामपूरहून छापून आलेला मराठी नवा करार मुंबईकरांना नीटसा उमगेना, म्हणून हॉल आणि मंडळींनी भाषांतर नव्याने हाती घेतले. ते 1826 मध्ये पुरे झाले.

उन्हे उतरली की बाहेर पडायचे. देवळापाशी, तळ्याकाठी, बाजारात, जत्रेत लोक जमले की बोलायला सुरुवात करायची. लोक ऐकून घेत. वादाला ब्राह्मण पुढे येत आणि वादात पटाईत असत. पाप, मोक्ष, अवतार या शब्दांवर पाद्र्यापेक्षा त्यांची पकड जास्त, त्यामुळे पाहुण्याची पंचाईत होई. दुसरे काम शाळांचे. मिशनने मराठी शाळा काढल्या आणि शिकवायला बहुधा ब्राह्मण पंतोजीच नेमले, कारण शिकवणारे दुसरे मिळणार कुठून! एका शाळेकडून दुसरीकडे जायचे, मुलांचे वाचन ऐकायचे, हजेरीपटावरची मुले खरोखर बसलेली आहेत का ते पाहायचे. मुले अक्षरओळखीसाठी येत, आईबाप हिशेबासाठी पाठवत, पंतोजी पगारासाठी शिकवत. धर्मांतरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरचे बोर्ड वर्षावर्षाला अहवाल मागे, आणि त्यात लिहायला आकडे असत ते शाळांचे आणि छापलेल्या पुस्तकांचे. पत्र केपला वळसा घालून जाई. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हातात पडेपर्यंत वर्ष सरे.

छापखाना हा या उद्योगातला खरा यशस्वी भाग, असे माझे मत. 1816 च्या अखेरीस होरेशिओ बार्डवेल हा छपाई जाणणारा पाद्री आला आणि मार्च 1817 मध्ये नागरी खिळ्यांनी पहिली छोटी पुस्तिका छापून झाली. हे काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि मराठीतले छापील पंचांग काढले. निर्णयसागरचे जावजी दादाजीही पोरवयात याच अमेरिकन छापखान्यात उमेदवारी करीत होते. बायबलासाठी आणलेल्या यंत्रावर हात बसलेल्या माणसांनी पुढे पोथ्या छापल्या.

या सगळ्यावर सावली होती ती आजाराची. निकल्स ज्या वर्षी ठाण्याला गेला त्याच वर्षी, ऑगस्ट 1818 मध्ये, बंगालातून निघालेली पटकी मुंबईत पोचली. ती पाण्यातून पसरते हे कुणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांकडे कॅलोमेल आणि अफूचा अर्क, म्हणजे एकीकडे जुलाब आणि दुसरीकडे गुंगी. नॉट यकृताच्या दुखण्याने 1815 मध्येच मायदेशी परतला होता. म्हणूनच तो वाचला असावा, कारण त्याला पुढे 1869 पर्यंत आयुष्य लाभले. त्यांचा सहकारी सॅम्युअल न्यूएल 1821 मध्ये पटकीने गेला. निकल्स 1824 मध्ये. त्याच वर्षी आलेला एडमंड फ्रॉस्ट 1825 मध्ये. मिशनच्या वह्यांत आगमनाच्या आणि मरणाच्या तारखा इतक्या जवळजवळ आहेत की वाचताना आपण पान चुकलो की काय असे वाटते.

या तिघांपेक्षा हॉल जास्त टिकला. 1825 मध्ये त्याने बायकोमुलांना अमेरिकेला पाठवले आणि स्वतः मागे राहिला. 2 मार्च 1826 रोजी दोन ख्रिस्ती मुलांना घेऊन तो घाट चढून नाशिककडे निघाला. नाशकात पटकी जोरात होती. जवळचे औषध रोग्यांना वाटून संपले. परतीच्या वाटेवर दोडी-दापूरला त्याने एका देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. 20 मार्चच्या पहाटे त्यालाच पटकीने गाठले आणि दुपारपर्यंत सारे संपले. स्वतःपुरते औषधही उरले नव्हते. वय एक्केचाळीस. बरोबरच्या मुलांनी त्याला घोंगडीत गुंडाळून तिथेच पुरले. मराठी नवा करार पुरा छापून झाल्याला फार दिवस झालेले नव्हते.

या कहाणीत बायका मागच्या ओळीत दिसतात, आणि हे त्या काळच्या कागदपत्रांचे करणे आहे. बोर्डाच्या याद्यांत पुरुष मिशनरी, तर स्त्रिया सहाय्यक. प्रत्यक्षात बायका शाळा चालवत, आजारी माणसे सांभाळत, नवरा गेला की लहान मुलांसह निर्णय घेत. 1827 मध्ये आलेली सिंथिया फरार तर अविवाहित होती, बत्तिशीच्या आसपासची. तिने मुंबईत मुलींच्या शाळा पाहिल्या. मुली यायला तयार नसत. आईबापांना वाटे की वाचणाऱ्या मुलीला वैधव्य येते. 1839 मध्ये ती अहमदनगरला गेली. तिथली तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून 1848 मध्ये आपली शाळा काढली. शिक्षिका होण्यासाठी सावित्रीबाईही फरारबाईंच्या हाताखाली शिकल्या. शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे 1882 मध्ये जोतीरावांनी नगरच्या त्या शाळेचा उल्लेख आवर्जून केला. तोवर बाईंना जाऊन वीस वर्षे झाली होती. चौतीस वर्षे हिंदुस्थानात काढूनही बोर्डाच्या यादीत त्यांचा हुद्दा सहाय्यकाचाच होता.